दाराबरोबर आलेलं घड्याळ

एक ओळ खोडली आणि स्क्रीन लाल झाली. यात नवीन काही नाही, माझं कामच ओळी खोडायचं आहे. खोडायची, कंपाईल करायचं, म्हणजे मशीनला सगळा कोड परत वाचायला लावायचा, कुठे दुखतंय का बघायचं. दुखलं नाही तर ओळ फुकटच बसली होती, गेली. दुखलं तर परत ठेवायची. पण त्या दिवशी लाल थांबेचना. एक फाइल पडली, मग तिच्या शेजारची, मग पार दुसऱ्या टोकाच्या, लिफ्टच्या पंख्याची, दिव्याची, घंटीची, ज्यांना मी बोटसुद्धा लावलं नव्हतं त्या. एक एरर वाचून होतेय तोवर खालून दुसरी वर ढकलत येत होती, नळ तुटल्यासारखी. मी खुर्चीत मागे झाले. मागून टेस्टर, म्हणजे चष्मा कपाळावर चढवून सगळ्या ऑफिसात चष्मा शोधणारा माणूस, म्हणाला, “काय गं झाडू, आज कुणाचं घर मोडलंस?” सगळे हसले. एरवी मी त्याला असं ऐकवलं असतं की दोन दिवस तो माझ्या टेबलावरून गेला नसता. पण ‘घर’ म्हटल्यावर मी परत स्क्रीनकडे वळले, कारण सकाळपासून माझ्या तोंडात एक निरोप होता आणि तो गिळताही येत नव्हता नि थुंकताही.

सकाळी ताई बेसिनपाशी दात घासत होती. आम्ही दोघी आता ज्या खोलीत राहतो तिथे बेसिन, शेगडी आणि पलंग एकाच नजरेत बसतात. आधीच्या भाडेकरूचा आरसा जिथे होता तिथे भिंतीवर एक पांढरा चौकोन आहे, आणि ताई सवयीनं त्या चौकोनासमोर उभी राहून केस विंचरते. आमचे कपडे एका खुर्चीवर राहतात. खुर्चीवर कपडे राहायला लागल्यापासून बसायला खुर्ची नाही. तर तोंडातला फेस न थुंकताच ताई म्हणाली, “त्याला सांग, शनिवारी सकाळी मी कपाट न्यायला येतेय. त्यानं घरात थांबू नये. किल्ली आहे माझ्याकडे.” मी म्हटलं, “तूच सांग ना.” तिनं ऐकलंच नाही. चूळ भरली, तोंड पुसलं, आणि टॉवेलमधूनच म्हणाली, “आणि तूपण आता दुसरं काहीतरी बघ. किती दिवस त्याच्या हाताखाली जाणारेस? माझं नि त्याचं संपलं. मग तुझा कोण लागतो तो?”

मी चपला घालून निघाले. उत्तरं मला शाळेतही यायची नाहीत, पण तिथे फिकीर नव्हती.

आमच्या ऑफिसात लिफ्टचं डोकं बनतं. लिफ्ट नाही, नुसतं डोकं. कुठे थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, मधे कुणाचा हात आला तर काय करायचं. खरी लिफ्ट तिथे एकही नाही. भिंतीला एक फळी ठोकलीय, तिच्यावर मजल्यांचे दिवे, आणि ते दिवे दिवसभर खालून वर नि वरून खाली पळत असतात, आत कुणी माणूस नसताना. हे सगळं सी भाषेत लिहिलंय, माझ्या जन्माच्या आधीपासून, कितीतरी जणांनी. प्रत्येक फाइलनं आपल्या डोक्यावर लिहायचं असतं की मला हे हे लागणार, अमक्याकडून ते आणा. ज्याच्याकडून आणायचं त्याला हेडर म्हणतात. माणसं येतात, दोन हेडर जास्तीची मागवून ठेवतात, असू दे, लागतील कधीतरी. मग नोकरी सोडून जातात, ओळी तिथेच. मशीन बिचारं दर वेळी ते सगळं पहिल्यापासून वाचत बसतं. एक अक्षर बदललं तरी अर्धं ऑफिस चहा पिऊन परत येतं तोवर त्याचं चाललेलंच. म्हणून मला बसवलंय. एक टूल आहे, ते सांगतं की ही ओळ वापरात नाही. मी ती झाडते. म्हणून झाडू. नाव मला आवडत नाही, पण कुणी प्रेमानं ठेवलेलंही नाही, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

त्या दिवशी मी दाराच्या हेडरमधली घड्याळाची ओळ खोडली होती. दारानं घड्याळ मागवून ठेवलं होतं, पण स्वतः एकदाही वापरलं नव्हतं. टूल म्हणालं, फुकट. मी म्हटलं, चला.

“दारातलं घड्याळ काढलंस?”

मागे न बघता मला कळलं कोण ते. ते आले की पेनचं टोपण नखानं उघडमिट करत असतात, टक, टक. ऑफिसात मी त्यांना काहीच म्हणत नाही. ‘दाजी’ म्हणायचं नाही असं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि ‘सर’ म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण ज्या माणसाला आपण बनियनवर भांडी घासताना बघितलंय त्याला सर कसं म्हणणार. म्हणून मी नुसती जवळ जाऊन उभी राहते आणि ते वर बघेपर्यंत थांबते. घरी दाजी होते. आता घरही तिथे नाही.

“दाराला लागतच नव्हतं,” मी म्हटलं.

“दाराला नाही लागत.” टक. “बाकीच्यांना लागतं. त्यांनी कधी स्वतः मागितलंच नाही. दाराबरोबर आलं, वापरलं.”

म्हणजे एकाच्या छत्रीखालून दहा जण चाललेत. छत्रीवाला कोपऱ्यावर वळला की मग कळतं कुणाकुणाकडे छत्री नव्हती. मी स्क्रीनकडे बघत राहिले. पंखा भिजला, दिवा भिजला, घंटी भिजली. माझ्या कानात ताईचा टॉवेलमधला आवाज होता, तुझा कोण लागतो तो. आणि मला एकदम वाटलं की मीपण त्याच लाल ओळींमध्ये कुठेतरी आहे, जरा खाली सरकवलं तर दिसेन.

दाजी ताईबरोबर आले. म्हणजे अक्षरशः. मी लहान होते, ताई एक दिवस संध्याकाळी घरी आली आणि तिच्या मागे हा उंच माणूस, काखेत एक बिघडलेला रेडिओ. बाबांशी काय बोलायचं ते कळेना म्हणून त्यांनी मलाच विचारलं, “स्क्रू काढता येतात का तुला?” मी सगळे काढले. परत लावताना एक उरला. ते म्हणाले, “असू दे, कंपनीनं एक जास्तीचा दिला असणार.” माझ्यावर तोवर कुणी चिडलं नाही असं झालंच नव्हतं, त्यामुळे मला ते आवडायच्या ऐवजी त्यांचा संशय आला. पुढे नववीत गणिताच्या बाईंनी माझे मार्क वर्गासमोर वाचून दाखवले, वाचून झाल्यावर हसल्या, आणि मी कंपास उचलून खिडकीबाहेर फेकला. काच बंद होती. परत शाळेत गेले नाही. बाबांनी बोलणं टाकलं, आई बोलायची पण भिंतीकडे बघून, “काय करायचं या मुलीचं.” ताई मला तिच्या घरी घेऊन गेली. तिथे दाजींनी एक जुना कीबोर्ड समोर ठेवला. त्याचं अर्धविरामाचं बटण निघालेलं होतं, आत नुसतं रबराचं टेंगूळ होतं, आणि सीमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच लागतं. मी दिवसभर ते टेंगूळ दाबायची. बोटाला घट्टा पडला. अजून आहे. “शाळेत जायचं नाही तर नको जाऊस,” ते म्हणाले होते, “पण घरात बसून भिंतींशी भांडू नकोस. भिंती जिंकतात.” आणि पहिल्याच आठवड्यात, मी कुठूनतरी एक प्रोग्राम चिकटवून आणला आणि चालला म्हणून नाचत होते तेव्हा, तो वरपासून वाचून म्हणाले होते, “चालतोय ते ठीक. पण ज्याला जे लागतं ते त्यानं स्वतः मागावं. दुसऱ्याच्या ताटातलं खाऊन पोट भरतं, पण तो दुसरा उठून गेला की?” तेव्हा मी म्हटलं होतं, मग मी पण उठेन. ते खूप हसले होते. ताई आतून म्हणाली होती, “दोघं मिळून माझं डोकं उठवा.” तेव्हा ती त्यांच्याशी थेट बोलायची.

“ऐक,” दाजी म्हणाले, “ती ओळ परत टाक.”

“काय?”

“परत टाक. सोमवारी कोड बाहेर जायचाय. सगळं हिरवं होऊ दे. मग बघू.”

माझं डोकं फिरलं. कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर फिरलं नसतं, बाकी सगळे तसंच करतात. “तुम्हीच शिकवलंत ना? ज्याला लागतं त्यानं मागावं? मग आता मागू दे की त्यांना! मी टाकते एकेका फाइलमध्ये घड्याळ. बसते मी.”

“किती फाइली आहेत बघितल्यास?”

“तुम्हाला काय त्रास? मी बसणारे.”

“झाडू, हट्ट करू नकोस,” ते म्हणाले. त्यांनी मला कधी झाडू म्हटलं नव्हतं. त्यांनाही ते ऐकू आलं असावं, कारण पेनचं टोपण थांबलं. मी वळून बघितलं. दाढी एका गालावर नीट झालेली, दुसऱ्या गालावर कानाखाली एक पट्टा तसाच राहिलेला. आधी ताई सांगायची, म्हणजे ताई मला सांगायची नि मी त्यांना. “त्याला सांग, कानाखाली राहिलंय.”

हे कधी सुरू झालं ते मला माहीत नाही. ते दोघं भांडत नसत. आमच्या आईबाबांचं भांडण खालच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं आणि मग जेवायला दोघं एकत्र बसायचे, त्यामुळे न भांडणारी माणसं मला सुखी वाटायची. मग हळूहळू लक्षात आलं की मधे मी बसलेली असते. “त्याला विचार, चहा हवा का.” “तिला सांग, गॅस संपत आलाय.” दोघं एकाच टेबलाला, हात लांब केला तर लागेल इतके जवळ, आणि मी मान इकडे करून विचारायची, तिकडे करून सांगायची. आधी मजा वाटायची. मी आवाज बदलून सांगायची, निरोपात मीठमसाला घालायची, “राणीसाहेब विचारतायत, महाराज चहा घेणार का?” ते हसायचे, तीही. एकमेकांकडे न बघता हसायचे, माझ्याकडे बघून. मी घरात नसले की ते काय करतात हे मला एकदा दिसलं. मी चावी विसरले म्हणून परत आले, दार उघडंच होतं, तर दोघं दोन खोल्यांत, आणि घरात फ्रिजचा आवाज. मला बघून दोघांचेही चेहरे असे उजळले की मला भीती वाटली. भांडण नाही, दुसरी बाई नाही, मारहाण नाही, काही नाही. शेवटी ताई म्हणाली, “चल,” आणि आम्ही निघालो. त्यांना ती काहीच बोलली नाही. मीच सांगितलं, “आम्ही जातोय.” ते म्हणाले, “बरं.” मला म्हणाले.

आता ते उभे होते, जात नव्हते. फळीवरचा दिवा चौथ्या मजल्यावर येऊन थांबला, दार उघडल्याचा छोटा आवाज झाला, बंद झाल्याचा झाला. मला माहीत होतं ते काय विचारणार.

“ताई काही म्हणाली?”

निरोप जिभेच्या टोकावर होता. शनिवार, कपाट, थांबू नका. सांगून टाकला की माझं काम झालं. ते शनिवारी सकाळी कुठेतरी जाऊन बसतील, ती रिकाम्या घरात जाईल, कपाट निघेल, आणि यापुढे एकमेकांना सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीही उरणार नाही. शेवटचा निरोप होता तो. आणि तोही मीच द्यायचा, म्हणजे ते दोघं शेवटपर्यंत माझ्याच छत्रीखाली.

“नाही,” मी म्हटलं.

“काहीच नाही?”

“मला काय पोस्टमन समजलात का दोघं? फोन आहे ना तुमच्याकडे?”

“ती उचलत नाही.”

“केलात कधी?”

टेस्टरनं मान वर केली. दाजींनी पेन खिशाला लावलं. जाता जाता म्हणाले, “बस मग. टाक एकेकात.” एवढंच. पण ओळ परत टाक असं परत म्हणाले नाहीत.

मी बसले. त्या दिवशी नि पुढचे दिवस. पंख्याची फाइल उघडायची, वर लिहायचं की मला घड्याळ लागतं, बंद करायची. दिव्याची उघडायची. एकेक लाल कमी व्हायचं. कंटाळवाणं काम आहे, हात आपोआप चालतो नि डोकं भलतीकडे जातं. त्यात एक गोष्ट दिसली, ती मी कुणाला दाखवली नाही. पंख्याच्या फाइलमध्ये दार मागवलेलं होतं, पण पंख्याचा दाराशी काही संबंधच नव्हता. दार उघडो, बंद होवो, पंख्याला काय. त्यानं दार ठेवलं होतं फक्त घड्याळासाठी. आता त्याला घड्याळ सरळ मिळालं, आणि लगेच टूलनं दाराच्या ओळीखाली करडी रेघ मारली. वापरात नाही. मी ती ओळ खोडली नाही. का ते माहीत नाही, बोट अडलं. म्हटलं, सोमवारी बघू.

शनिवारी टेम्पोत ताईनं विचारलं, “सांगितलंस ना त्याला?” मी म्हटलं, “हं.” टेम्पोवाल्यानं कानात विडी खोचली होती, नि तो सारखा सांगत होता की आज त्याच्याबरोबरचा माणूस आला नाही, त्याची स्वतःची कंबर गेलेली आहे, कपाटाला तो हात लावणार नाही, आधीच सांगतोय. दाजींची इमारत चार मजली आणि लिफ्ट नाही. यावर ऑफिसात जुना विनोद आहे. आम्ही वर चढलो. ताईनं किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली, दार बोटभर उघडलं आणि साखळीला अडकलं. आतून पावलं आली. साखळी निघाली. दाजी बनियनवर, हातात स्क्रू-ड्रायव्हर, मागे टेबलावर एक उघडा रेडिओ.

 मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. सवय.

“सांगितलं नव्हतंस?” ताई मला म्हणाली.

“नाही.”

“खोटारडी. कसली आहेस गं तू!” तिचे कान लाल झाले. मग माझ्याचकडे बघून, “याला सांग, मला कपाट न्यायचंय.”

“समोर उभे आहेत ते,” मी म्हटलं, “बहिरे नाहीत.” आणि वळून जिना उतरले. चारही मजले न थांबता.  खालच्या पायरीवर जाऊन बसले. टेम्पोवाल्यानं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “तुम्ही कंबर सांभाळा.”

वर शांत होतं. इतकं शांत की मला वाटलं, ते तसेच उभे असतील, दारात, मी परत येईन म्हणून. मी येणार नव्हते. पायरीच्या कडेला मुंग्यांची ओळ होती, ती मी फुंकर मारून तोडत होते, ती परत जुळत होती. मग वरून पत्रा घासल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. आणि मग ताईचा आवाज, जिन्यातून घुमत, “सावकाश.”

 मग त्यांचा. “कोपरा आहे.”

“दिसतोय मला.”

“तू वरनं धर. वजन मी घेतो.”

“आधी हात बघ. भिंतीला लागेल.”

“लागला.”

“मग सांगायचं ना!”

मी मुंग्या सोडून ऐकत होते. मजल्यामजल्यानं तो आवाज खाली येत होता, आमच्या फळीवरच्या दिव्यासारखा, फक्त आत माणसं होती. डावीकडे. अजून जरा. टेक. थांब, मला दम लागलाय. घे आता. वर्षभरात मी त्यांना एकमेकांशी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्यातला एकही शब्द माझ्याकडून गेलेला नव्हता. शेवटच्या वळणावर दाजींची पाठ दिसली, उलटे उतरत होते. मी पायरीवरून उठले. बाजूला व्हावंच लागलं, मी बरोबर वाटेत बसले होते.

कपाट टेम्पोत चढलं. दोघांच्या तळहातांवर पत्र्याच्या कडेच्या रेघा उमटल्या होत्या, ते आपापले हात बघत उभे राहिले. दाजींच्या बोटाचं साल निघालं होतं. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले, ऑफिसात राहते तशी, ते वर बघेपर्यंत. म्हटलं, “सोमवारी येते मी.” ताई ऐकत होती.

“ये,” ते म्हणाले. “पंख्यात दार राहिलंय ना तुझं. बघितलं मी.”

मग आम्ही टेम्पोत बसलो, मी मधे, टेम्पोवाला आणि ताई यांच्यामधे. इंजिन सुरू झालं आणि ताईनं मूठ उघडली. किल्ली. ती माझ्यापुढे धरत म्हणाली, “त्याला सांग...” मी समोर काचेकडे बघत बसले. काचेवर एक चिरडलेला किडा होता, मी त्याच्याकडे बघितलं. हात काही पुढे केला नाही. ताई थोडा वेळ तशीच, हात माझ्यापुढे. मग दार उघडून उतरली.

बाजूच्या आरशात ते दोघं बारीक दिसत होते. तिनं किल्ली दिली. त्यांनी घेतली. मग त्यांचे ओठ हलले. मग तिचे. मग बराच वेळ त्यांचे, आणि तिची मान खाली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, “बंद करा ना जरा.” तो म्हणाला, “परत चालू व्हायचं नाही.” आरशात ताईनं हात वर केला. मला वाटलं मारतेय की काय, पण तिनं त्यांच्या कानाखाली, दाढीचा पट्टा राहतो तिथे, बोटानं नुसतं दाखवलं. त्यांनी तिथे हात लावून बघितला. मग ती परत यायला निघाली आणि ते जिन्याकडे वळले.

ती आत येऊन बसली. दार दोनदा आपटल्यावर लागलं. टेम्पो गल्लीतून बाहेर पडला. मग राहवलं नाही.

“काय म्हणाले?”

ताई खिडकीबाहेर बघत होती. डोळे कोरडे होते, मी नीट बघितलं. मागे कपाट प्रत्येक खड्ड्यात वाजत होतं.

“तुला काय करायचंय,” ती म्हणाली. रागानं नाही.

गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी पाय आकसून घेतले. टेम्पोवाल्यानं गिअर बदलला, तरी तो लागतच होता.